फुलपाखरांचे घर आणि आपली द्रव्ये

सार्वजनिक उद्यानात फुलपाखरांसाठी स्वतंत्र गृह उभारावे, अशी सूचना आपल्याकडेही अधूनमधून कानी येते. कारंजे झाले, मुलांची आगगाडी झाली, रंगीत दिव्यांचे धबधबे झाले. आता काचेच्या किंवा जाळीच्या घुमटात उडणारी फुलपाखरे हवीत, असा हा क्रम आहे. सूचना वाईट नाही. मात्र तिचा विचार करताना स्थापत्य अभियंता, उद्यान अधीक्षक आणि ठेकेदार एवढ्यांनाच बोलावले जाते. वैद्याला कोणी विचारत नाही, आणि वैद्यालाही आपल्याला विचारले जावे असे वाटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच मोठी चूक होते. फुलपाखरांचा प्रश्न मुळात वनस्पतींचा प्रश्न आहे, आणि त्या वनस्पतींपैकी कितीतरी आपल्या निघंटूंतील आहेत.

सातारा जिल्ह्यात हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास पठाराचा समावेश झाला. २०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉर्मन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला; असा निर्णय घेणारे हे देशातील पहिले राज्य. पुढे त्याला नीलवंत हे देखणे मराठी नाव मिळाले. आणि २०२२ साली राज्य वन्यजीव मंडळाने ज्या नव्या संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली, त्यांत सातारा शहराला लागून असलेले दरे खुर्द, म्हणजे आपले महादरे, फुलपाखरांसाठी निवडले गेले. क्षेत्र फार मोठे नाही, सुमारे एक चौरस किलोमीटर. पण वाघासाठी नव्हे, गव्यासाठी नव्हे, तर फुलपाखरांसाठी जंगलाचा तुकडा राखला जावा, ही घटना सामान्य म्हणता येणार नाही. ज्या शहराच्या उशाशी महादरे आहे, त्या शहराच्या बागेत काचेचे घर बांधून नेमके काय दाखवायचे, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

बंदिस्त फुलपाखरू-गृह कसे चालते ते आधी पाहू. आपल्या जवळचे ठळक उदाहरण बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथील आहे. २००६ साली ते खुले झाले आणि देशातील पहिले बंदिस्त फुलपाखरू उद्यान म्हणून त्याची नोंद झाली. सुमारे साडेसात एकरांच्या परिसरात पारदर्शक छताचे गोलाकार दालन, त्यात लहानसा धबधबा, आर्द्रता राखण्याची सोय, शेजारी संग्रहालय, आणि पाठीशी कृषी विद्यापीठ व संशोधन संस्थांचे ज्ञान, अशी ती रचना. पाहणाऱ्याला फक्त घुमट दिसतो. घुमटामागची पैदास-शाळा आणि अळ्यांसाठी लावलेल्या वनस्पतींचे वाफे त्याला दिसत नाहीत. खरे काम मात्र तेथेच चालते.

थोडे गणित करू. प्रौढ फुलपाखराचे आयुष्य बहुतेक जातींत दोन-तीन आठवड्यांचे असते. घुमटात एका वेळी पाचशे फुलपाखरे उडती ठेवायची आणि सरासरी आयुष्य दोन आठवड्यांचे धरायचे, तर दररोज सुमारे छत्तीस नवी फुलपाखरे कोषातून बाहेर यावी लागतात, आणि तीही बारा महिने. प्रत्येक कोषामागे दोन-अडीच आठवडे अहोरात्र पाने कुरतडणारी एक अळी असते. अंडी सगळी उबत नाहीत, अळ्या सगळ्या जगत नाहीत. परोपजीवी माश्या, गांधीलमाश्या, बुरशी आणि विषाणू यांतून वाचतील तेवढ्याच पुढे जातात. म्हणजे घुमटापेक्षा त्याच्या मागची वनस्पतींची बाग मोठी हवी. त्यातही ज्या जातीची अळी, तिला तिचीच वनस्पती लागते. अळी उपाशी मरेल, पण परके पान खाणार नाही.

ही मागची बाग नसेल तर काय होते? युरोपातील फुलपाखरू-गृहे उष्ण कटिबंधातील देशांकडून कोष विकत घेतात. तो तेथे रूढ व्यापार आहे. आपल्याकडे तो मार्ग नाही, आणि नसावाही. मग सर्वांत सोपा मार्ग कोणता? जाळे घेऊन डोंगरात जायचे. उद्घाटनाची तारीख ठरली आहे, मान्यवरांच्या हस्ते फीत कापायची आहे आणि घुमट रिकामा आहे, अशा वेळी महादऱ्यातून, कासच्या वाटेवरून किंवा चांदोलीच्या कडेने फुलपाखरे धरून आणण्याचा मोह किती जणांना आवरेल? कायद्याने अनेक जातींना संरक्षण आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, हे खरे. पण ठेकेदाराला निळे फुलपाखरू आणि काळे फुलपाखरू एवढेच कळते. संवर्धनाच्या नावाखाली संवर्धित क्षेत्रच रिकामे होण्याचा हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

आता आपल्या विषयाकडे वळू. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी महाविद्यालयात द्रव्यगुणाची वनस्पती-पत्रके तयार केली असतील. त्या पत्रकांवरील नावे डोळ्यांपुढे आणून पुढील मजकूर वाचावा.

रुई, म्हणजे अर्क, हे प्लेन टायगर या तांबूस-केशरी फुलपाखराच्या अळीचे अन्न. कराडला माझ्या चिकित्सालयाच्या मागे रुईचे एक झाड मी मुद्दाम राखले आहे. श्रावण-भाद्रपदात त्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या हटकून असतात. चिकाने भरलेले पान खाण्यापूर्वी अळी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग निवांत खाते. हे पाहिले की शोधन हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही, अर्थात ही माझी गंमत झाली. पण पुढची गोष्ट गंमत नव्हे. त्या चिकातील हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्ये या कुळातील फुलपाखरे शरीरात साठवू शकतात आणि त्यामुळे पक्ष्यांना ती बेचव, किंबहुना ओकारी आणणारी ठरतात. अर्काची गणना आपण उपविषांत केली. कण्हेर, म्हणजे करवीर, हेही उपविष. त्यावर कॉमन क्रो हे काळपट तपकिरी फुलपाखरू वाढते. त्याच फुलपाखराची अळी सारिवा, म्हणजे अनंतमूळही खाते. अगदतंत्राचा अख्खा पाठ कुंपणावर वाढत असतो.

बेल, लिंबू आणि कढीपत्ता यांच्यावर लाइम व कॉमन मॉर्मन ही फुलपाखरे अंडी घालतात. नीलवंतही याच लिंबू-कुळाचा पाहुणा. रानात त्याला माकडलिंबू प्रिय. वैद्यांना अधिक रंजक वाटेल ती बाब अशी, की लाइम फुलपाखराची अळी बावचीवरही वाढते. बावची शिंबी कुळातील, लिंबू दुसऱ्याच कुळातील. रूपाने काहीही साम्य नाही. परंतु श्वित्रात ज्या सोरालेन-वर्गीय घटकांसाठी बाकुचीकडे आधुनिकांचेही लक्ष गेले, त्याच वर्गातील घटक लिंबू-कुळातही आढळतात, आणि या अळीच्या आवडीमागे ते एक कारण मानले जाते. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पानावर टकटक करते आणि पायांवरील संवेदनांनी त्याची चव घेते. चव पटली तरच अंडे घालते. रसावरून द्रव्याची परीक्षा करणारा एवढा चोख परीक्षक आपल्या कच्च्या मालाच्या बाजारात एकही नाही.

बहावा आणि टाकळा यांवर पिवळी-पांढरी इमिग्रंट आणि ग्रास यलो कुळातील फुलपाखरे. एरंडावर कॉमन कॅस्टर. चित्रकाच्या कळ्यांवर झेब्रा ब्ल्यू. पर्णबीज, ज्याला आपण पानफुटी म्हणतो, त्याच्या मांसल पानाच्या आत शिरून वाढणारी रेड पिएरोची अळी. वायवर्णा, म्हणजे आपला वरुण, त्यावर ग्रेट ऑरेंज टिप. हरणदोडीवर ब्ल्यू टायगर, दमवेलीवर ग्लासी टायगर. ही यादी माझ्या ओळखीतल्या वनस्पतींपुरतीच आहे. सह्याद्रीत सव्वातीनशेहून अधिक जातींची फुलपाखरे नोंदली गेली आहेत.

यात एक उदाहरण असे आहे की ते औषधी निर्मात्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. प्रत्येक नगरपालिकेच्या बागेत आणि प्रत्येक शाळेच्या आवारात उंच, सरळ वाढणारा, पाने लोंबकळणारा जो अशोक दिसतो, तो आपला अशोक नव्हे. तो सीताफळाच्या कुळातील आहे, आणि त्यावर टेल्ड जे हे हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू वाढते. सीतेचा अशोक, ज्याची साल अशोकारिष्टात पडायला हवी, तो शिंबी कुळातील वृक्ष. टेल्ड जेची अळी सीता-अशोकाच्या पानाला तोंड लावणार नाही. तिला फरक कळतो. बाजारात सालीचे पोते उघडताना आपल्याला तो कळतो का? खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ ही द्रव्यगुणाच्या पुस्तकांत जुनी झालेली गोष्ट आहे, पण पोत्यात ती आजही नवी असते. वाळलेल्या सालीची परीक्षा अळीकडून करून घेता येत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचणीच हवी. परंतु दोन्ही झाडे शेजारी-शेजारी जिवंत उभी असतील, त्यांखाली खरी नावे असतील आणि विद्यार्थ्याने, औषध-भांडारातील कर्मचाऱ्याने, गावोगावच्या पुरवठादाराने ती डोळ्यांनी पाहिली असतील, तर निदान अज्ञानापोटी होणारी भेसळ कमी होईल. लबाडीतून होणाऱ्या भेसळीला औषध वेगळे.

गुळवेलीच्या बाबतीत हेच अनुभवास आले. कोविडच्या साथीत गुळवेलीची मागणी अफाट वाढली. २०२१ मध्ये तिच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतून नोंदले गेले. तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवली होती का, टिनोस्पोरा क्रिस्पा ही सारखी दिसणारी जात तर वापरली गेली नव्हती ना, असा प्रश्न उपस्थित केला. वाद अजून संपलेला नाही आणि यकृतविकार असलेल्या रुग्णात आपणही सावधच असले पाहिजे. परंतु प्रश्नाचे मूळ ओळखीशी येऊन थांबते, हे विसरता येत नाही. चरकसंहितेने गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे माहीत असतात असे मानले. आज गुराख्याचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे, आणि वनस्पती ओळखणारा माणूस साखळीतून गळून पडला आहे.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली. त्याच्यासाठी झालेल्या २००८ मध्ये प्रसिद्ध पाहणीत ९६० जातींच्या वनस्पती व्यापारात आढळल्या व त्यांपैकी १७८ जातींचा वार्षिक व्यापार शंभर टनांहून अधिक होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत या संख्या अनुक्रमे ११७८ आणि २४२ झाल्या. यातील मोठा भाग आजही रानातून येतो. मुळासकट उपटलेले अनंतमूळ पुन्हा उगवत नाही, आणि त्याबरोबर त्यावर वाढणारी पिढीही जाते. फुलपाखरे नाहीशी होणे आणि आपल्या भांडारातील पोती रिकामी होणे या दोन घटना एकाच डोंगरावर घडत असतात.

आता या विचाराला ज्या रास्त हरकती आहेत, त्यांकडे पाहू.

पहिली हरकत शेतकऱ्याची, आणि ती खरी आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याच्या शेतकऱ्याला आल्याने हात दिला. या दोन्ही पिकांची पाने गुंडाळून खाणारी अळी म्हणजे ग्रास डेमन या फुलपाखराचीच अळी. लिंबाच्या रोपवाटिकेत लाइम फुलपाखराची अळी शत्रूच. गुळवेलीवर तर ज्या पतंगाच्या अळ्या वाढतात, त्याचे प्रौढ रात्री संत्र्या-डाळिंबाला सोंड खुपसून रस शोषतात. म्हणून बागाइतदारांना बांधावरची गुळवेल काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. आटपाडीच्या डाळिंबवाल्याला मी बांधावर गुळवेल राख असे सांगणार नाही. ज्याचे पोट पिकावर आहे, त्याला फुलपाखरांचे कौतुक ऐकवणे हे आपले काम नव्हे. पण म्हणूनच सार्वजनिक उद्यानाची जागा महत्त्वाची ठरते. तेथे कोणाचे पीक नाही.

दुसरी हरकत आपल्याच व्यवसायबंधूंची. औषधी वनस्पतींची लागवड करणाऱ्या निर्मात्याला पान कुरतडलेले चालत नाही. तो फवारणी करतो, आणि त्या फवारणीचे अवशेष पुढे चूर्णात, काढ्यात उतरतात, हे आपण सारे जाणतो पण बोलत नाही. ज्याच्याकडे दोन एकरांची औषधी बाग आहे त्याने दोन गुंठे अळ्यांसाठी सोडावेत, तेथे फवारा नेऊ नये, एवढीच माझी सूचना आहे. त्या दोन गुंठ्यांतून बियाणे आणि अस्सल नमुने मिळत राहतील.

तिसरी हरकत आरोग्यखात्याची, आणि ती सर्वांत अवघड. आपल्या भागात फुलपाखरांचा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत असतो, आणि डेंग्यूचाही नेमका तोच काळ. रुग्ण वाढले की नगरपालिका धूर फवारणीची यंत्रे बाहेर काढते. त्या धुराला डास कोणता आणि फुलपाखरू कोणते हे कळत नाही. रक्तबिंबिका घसरलेल्या मुलाला पाहिलेला कोणताही वैद्य धूर फवारणीला सरसकट विरोध करणार नाही. मीही करीत नाही. परंतु धुराने फक्त उडते डास मरतात, पाण्यातील अळ्या तशाच राहतात, हे आरोग्यखात्यालाही मान्य आहे. साठलेले पाणी काढणे, टाक्या झाकणे, आणि जेथे पाणी काढता येत नाही तेथे डासांच्या अळ्यांवर नेमके काम करणारे बीटीआय हे जैविक कीटकनाशक वापरणे, एवढे बागेपुरते तरी शक्य आहे. बीटीआय फुलपाखरांच्या अळ्यांना मारत नाही. मात्र त्याच जीवाणूचा दुसरा प्रकार अळीनाशक म्हणून विकला जातो, तो बागेत येता कामा नये. खरेदी करणाऱ्याने डब्यावरील पूर्ण नाव वाचावे.

आणखी एका वनस्पतीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे अगत्याचे आहे. ती म्हणजे ईश्वरी, सापसंद. सदर्न बर्डविंग हे सह्याद्रीतील सर्वांत मोठे फुलपाखरू, तसेच कॉमन रोज आणि क्रिमसन रोज ही तांबड्या अंगाची फुलपाखरे हिच्यावर आणि हिच्या कुळबांधवांवर वाढतात. आपल्या परंपरेत सर्पविषावर व इतरत्र ईश्वरीचा वापर सांगितला गेला. परंतु या गणातील ॲरिस्टोलोकिक ॲसिड मूत्रपिंडाला कायमची इजा करते आणि कर्करोगास कारण ठरते, हे १९९० च्या दशकात बेल्जियममधील रुग्णांपासून पुढे निर्विवाद सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. तेव्हा ईश्वरी पोटात देण्याचा विषय माझ्या मते संपला आहे. ती वेल लावावी, जपावी, फुलपाखरांना द्यावी, आणि खाली स्पष्ट अक्षरांत लिहावे की ही माणसाने खाण्याची नाही. ग्रंथोक्त द्रव्याविषयी असे म्हणणे काहींना रुचणार नाही. रुग्णाचे मूत्रपिंड मात्र ग्रंथ पाहून निकामी होत नाही.

मग सातारा-सांगलीत करावे काय? घुमट नको, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीचा चैत्र-वैशाख चाळीस अंशांकडे जातो. बंद घुमटात आर्द्रता टिकवायची तर तुषार-यंत्रे दिवसभर चालू हवीत, आणि दुपारी दोन तास वीज गेली की आतले सारे संपले. कृष्णेचा पूर वेगळाच. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, आणि नदीकाठचे काहीही बांधताना ती खूण विसरून चालत नाही. साताऱ्यात तर महादरे शेजारीच आहे, फुलपाखरांना कोंडण्याचे कारणच नाही. यजमान वनस्पती लावा, मधुरसाची फुलझाडे लावा, ओलसर मातीचा एक कोपरा ठेवा, फवारा बंद करा; ती आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, येतील. ठाण्याजवळील ओवळेकर वाडीत खुल्या जागेत हेच घडले आहे आणि मुंबईकर तेथे रांग लावून जातात.

उलट बाजूही मी पाहिली आहे. आपल्याच भागातील एका गावात फुलपाखरू उद्यान अशी मोठी कमान आहे. आत सिमेंटची दोन फुलपाखरे, परदेशी शोभेची रोपे आणि कातरलेली हिरवळ. पाने कुरतडलेली दिसली म्हणून माळ्याने तत्परतेने औषध मारले होते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. अळी म्हणजेच फुलपाखरू हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

सांगलीच्या आमराईत जुन्या वृक्षांची सावली आहे; तिच्या उघड्या कडेला अशी बाग होऊ शकते. साताऱ्यात महादऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला नगरपालिकेने एखादा भूखंड द्यावा. रोपे शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाच्या मार्गदर्शनाने तयार करावीत, रानातून उपटून आणू नयेत. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांतील द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यांनी पाट्या लिहाव्यात. पाटीवर संस्कृत नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, भेसळीचे द्रव्य आणि शेवटी त्यावर वाढणाऱ्या फुलपाखराचे नाव असावे. आपल्या संघटनेच्या दोन्ही जिल्हा शाखांनी नगरपालिका व महापालिकेकडे असा लेखी प्रस्ताव द्यावा, आणि औषधी निर्मात्यांनी प्रत्येकी एका वनस्पतीची तीन वर्षांची जबाबदारी घ्यावी, असे मी सुचवितो. पहिले वर्ष पाने कुरतडलेलीच दिसतील, हे अर्ज देतानाच सांगून ठेवावे.

वरुण, चित्रक आणि सारिवा यांची रोपे पावसाळ्याच्या तोंडावर लावायची तर तयारी माघ-फाल्गुनातच सुरू व्हावयास हवी. माझ्याकडून रुईचे बी आणि पर्णबीजाची हवी तितकी पाने.